ती ट्यूब आम्ही चिठ्ठीशिवाय का देत नाही

मृगाचा पाऊस पडून जातो, तरी नागपुरात कूलर काही बंद होत नाहीत. बाहेर दमट, घरात त्याहून दमट. मग आठवड्याभरात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर शेपटीपासून गुंडाळत आणलेली एखादी ट्यूब येते. "भाऊ, हीच द्या. दोन दिवसांत खाज जाते."

खाज जाते, हे खरंच आहे. नायटा जात नाही.

नायटा, म्हणजेच गजकर्ण, ही कातडीतली बुरशी. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड शरीराची लढाईच थांबवतं, त्यामुळे लाली आणि खाज बसते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चकत्याची कड पुसट होते. डॉक्टरांनाही मग ओळखायला वेळ लागतो. आमच्याच धाकट्या भावाने वर्षभर अशी ट्यूब लपवून लावली. जांघेत गरोदरपणात पोटावर पडतात तशा रेषा उमटल्या, त्या आजही तशाच आहेत. घरात मेडिकल असून! २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही.

डॉक्टरांनी दिलेलं मलम चकत्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावा, आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यालाही सोबतच दाखवा, नाहीतर तो नायटा घरातल्या घरात फिरत राहतो.

आता बुरशी म्हटलं की लोणच्यावरचा पांढरा थर आठवतो. पण ती आपल्या अंगावर बारा महिने असते. डोक्यावरची मलासेझिया त्वचेच्या तेलावर जगते. ती वाढली की कोंडा, छाती-पाठीवर वाढली की शिबं. तोंडात आणि आतड्यात कॅन्डिडा असते. शेजारचे जिवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते मेले की तिला जागा मिळते. म्हणून कोर्सनंतर कधी जिभेवर पांढरा थर येतो, बायकांना अंगावर दह्यासारखं पांढरं जाऊन खाज सुटते. दम्याच्या स्टिरॉइडच्या पंपानेही तिला तोंडात जागा मिळते, म्हणून तो घेतल्यावर चूळ भरावी.

गंमत म्हणजे जुलाबावर आम्ही जी पुडी देतो, त्यातल्या काहींत चक्क बुरशीच असते. सॅकरोमायसेस बुलार्डी हे एक यीस्ट. हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते मिळवलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र चालतात. मात्र आयसीयूतल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या पेशंटला ती पुडी स्वतःहून देऊ नका.

शुगरवाल्यांना एक वेगळी विनंती. २०२१ च्या कोरोना लाटेतली 'काळी बुरशी' नागपूरकर विसरलेले नाहीत. ती मुळात काळी नसते, तिने मारलेला भाग काळा पडतो. तिचे कण हवेत-मातीत असतातच, रोज आपल्या श्वासात जातात. वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड मिळून तिला वाट करून देतात. चेहरा एका बाजूने दुखला, सुजला, नाकातून काळपट स्राव आला तर काउंटरवर येऊ नका, थेट दवाखान्यात जा.

बाकी कशासाठीही या. येताना जुनी ट्यूब आणा, रिकामी असली तरी चालेल. नाव वाचता आलं पाहिजे.