बाळाला दवाखान्यात का नेलं नाही? या प्रश्नामागची गडचिरोलीची गोष्ट

लहान बाळ दगावल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आईबापांनी वेळेवर दवाखान्यात का नाही नेलं? मेळघाटात फुगलेल्या पोटावर डम्मा, म्हणजे तापलेल्या विळ्याचे चटके, दिलेलं बाळ दवाखान्यात पोचतं तेव्हाही हेच. ते ऐकून अंगावर काटा येतो आणि राग सगळा त्या आईवर निघतो. मीही चिडायचो पूर्वी. पण या प्रश्नावर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, जवळजवळ ४० वर्षं काम झालंय आणि ते जगभर शिकवलं जातं हे कळलं तेव्हापासून मी जरा थांबून विचार करतो. आईबाप कसं ठरवतात, कुणाच्या सांगण्यावर ठरवतात, त्यांच्या हातात तेव्हा नेमकं काय असतं, हे घराघरात जाऊन बघितलेलं हे काम आहे, म्हणून त्याची पार्श्वभूमी जरा नीट लिहितोय.

सुरुवात गडचिरोलीच्याही आधीची आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी पंजाबात नारंगवालला डॉ. कार्ल टेलर यांच्या टीमने गावपातळीवर मुलांच्या आजारांवर उपचार करून बघितले. आपल्याकडे १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले आणि त्यांनी गावातल्याच बायकांना, बऱ्याचदा दलित घरातल्या आणि शाळेत न गेलेल्या बायकांना, आरोग्यसेविका केलं. तेव्हा त्या भागात हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत जात होती. डहाणूजवळ कासा आणि पुण्याजवळ वढू इथेही असेच प्रयोग झाले. म्हणजे डॉक्टर गावात राहत नसेल तर गावातलंच माणूस तयार करा, हा विचार महाराष्ट्राला नवीन नव्हता. पण एक गोष्ट राहून गेली होती. अगदी नुकतंच जन्मलेलं, महिन्याच्या आतलं बाळ. त्याला हात लावायचा तर दवाखानाच पाहिजे असं सगळे धरून चालले होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले, १९८४ मध्ये परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. गडचिरोली जिल्हाच तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा केलेला. जंगल, नद्या, गोंड आणि माडिया वस्त्या, रस्ते कमी आणि डॉक्टर त्याहून कमी. तिकडचे लोक त्यांना नायना आणि अम्मा म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडते ती त्यांची पद्धत, आधी लोकांना विचारायचं.

तुम्ही दवाखान्यात का येत नाही असं विचारल्यावर लोकांनी जे सांगितलं ते वाचताना आपणच अडखळतो. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. पेशंट आत आणि घरचे बाहेर, असं कसं चालेल? म्हणून शोधग्राममधला, म्हणजे सर्चच्या आवारातला, दवाखाना गावासारखा बांधला, झोपड्या झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. आता सांगा, आजारी लेकराला घेऊन निघावं की नाही हे ठरवताना त्या आईच्या डोक्यात पांढऱ्या कपड्याची भीती पण असते, हे कुठल्या सरकारी फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं?

मग न्यूमोनिया. लहान मुलांच्या मृत्यूंची कारणं शोधताना तो सगळ्यात पुढे दिसला. आणि गंमत नाही, खरंच शिकण्यासारखं आहे, की लोकांना तो माहीत होता, फक्त नावं वेगळी होती. बाळ भराभर श्वास घेतं त्याला लहक म्हणायचे आणि छाती आत ओढली जाते त्याला डब्बा. म्हणजे डॉक्टरी पुस्तकातली दोन मुख्य लक्षणं गडचिरोलीतल्या आज्यांच्या तोंडात आधीपासून होती. संशोधकांनी हेच शब्द उचलले आणि घरच्यांना तेच सांगितलं, लहक किंवा डब्बा दिसला की लगेच या.

आता श्वास मोजायचे कसे? दायांना शिकवायचं तर बऱ्याच जणींना १२ च्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० श्वास म्हणजे धोका, त्याहून मोठ्याचे ५०. यावर त्यांनी जी वस्तू बनवली ती अगदी साधी. एक लाकडी फळी, त्यावर तारेत ओवलेले मणी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू. लहान बाळासाठी मण्यांची एक ओळ आणि मोठ्यासाठी दुसरी. मला ही वस्तू फार ग्रेट वाटते, कारण तिने दाईला अडाणी म्हणून बाजूला नाही काढलं, तिला जेवढं येतं तिथूनच सुरुवात केली.

५८ गावांत हे केलं आणि ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवून तुलना केली. गोळी कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकची, अगदी स्वस्तातली. ज्यांना उपचार मिळाले त्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के आणि तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

डॉ. बंग एका बाळाच्या मृत्यूची गोष्ट सांगतात ती इथे सांगायलाच हवी. पावसाळ्यातली संध्याकाळ, आई आणि आजी बाळ घेऊन त्यांच्या दारात आल्या, तपासायला घेतलं आणि काही मिनिटांत बाळ गेलं. नंतर ते मागे मागे विचारत गेले. पोरीने गरोदरपणात कमी खाल्लं कारण बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल अशी भीती, त्यात मलेरिया, नवऱ्याची दारू, कमी वजनाचं बाळ, आधी मांत्रिकाकडे नेलं, आणि शेवटी निघायचं तर नदीला पूर. अशी १८ कारणं त्यांनी मोजली. त्यातली आईच्या हातात किती होती हे मोजायला बसलं तर एका हाताची बोटंही पुरून उरतात.

इथून खरा अवघड भाग, नवजात बाळ. न्यूमोनियाचं काम करूनही एक आकडा हवा तसा हलेना, पहिल्या महिन्यातले मृत्यू. मग ३९ गावांत १९९५-९६ मध्ये जन्मलेल्या ७६३ बाळांचं २८ दिवस घरी जाऊन निरीक्षण केलं. ९५ टक्के बाळं घरीच जन्मलेली. उपचारांची खरी गरज असलेली ५४.४ टक्के, उपचार मिळाले २.६ टक्क्यांना, आणि दवाखान्यात भरती झाली ०.४ टक्के. हे आकडे एकदा सावकाश परत वाचा. दर दोन बाळांपैकी एक एवढं आजारी पडत होतं आणि दवाखान्यापर्यंत जवळजवळ कुणीच पोचत नव्हतं.

का, ते कळायला आपल्या घरातलं बाळंतपण आठवावं. माझ्या बहिणीचं पहिलं बाळ आठ दिवसांचं होतं तेव्हा दूध प्यायला कंटाळा करत होतं, रडणंही बारीक झालेलं. आजी म्हणाली, “सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरठ्याबाहेर काढायचं नाही, नजर लागते, वारं लागतं.” आणि आजी काही वाईट नव्हती हो, रात्ररात्र तीच बाळाला छातीशी धरून बसायची. आई काही बोलेना कारण सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावं लागणार, भाऊजी शहरात ड्युटीवर, आणि ताई स्वतः टाके पडलेली, तिला कोण विचारणार. शेवटी शेजारच्या काकूंनी जोर केला म्हणून नेलं, बाळ वाचलं. आमच्याकडे तर रिक्षा दहा मिनिटांवर होती! तरी दीड दिवस घरात चर्चा चालू होती. गडचिरोलीच्या आत, चालत जायचं, वाटेत नदी, खिशात पैसे नाहीत, तिथे तो दीड दिवस किती लांबत असेल.

मातामृत्यूंबद्दल १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधकांनी तीन उशीर सांगितले होते, ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पण हे तीनही एकमेकांत अडकलेले असतात. पोचता येणार नाही हे माहीत असतं आणि पोचलो तरी तिथे कुणी नीट बघणार नाही याचा आधीचा अनुभव असतो, म्हणून मग ठरवायलाच उशीर होतो. लांबून बघणाऱ्याला फक्त पहिला उशीर दिसतो आणि त्याला तो अडाणीपणा म्हणून मोकळा होतो.

सर्चने उलटं केलं. बाळ दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखाना बाळापाशी. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडली, तिला आरोग्यदूत म्हटलं. तिच्या पिशवीत काय तर थर्मामीटर, झोळीत बाळ ठेवून टांगायचा स्प्रिंगचा काटा, उबदार ठेवायची पिशवी, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची साधनं, आणि सगळ्यात वादाची गोष्ट म्हणजे जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला डॉक्टर नसलेली बाई इंजेक्शन देणार यावर तेव्हा डॉक्टर मंडळींत मोठा आक्षेप होता, आणि तो आक्षेप समजण्यासारखा पण आहे, दहा दिवसांच्या बाळाच्या मांडीत सुई म्हणजे खेळ नाही. पण समोर पर्याय काय होता तेही बघायला हवं.

आणि इथेच आईबापांच्या निर्णयाचा थेट पुरावा मिळाला. १९९६ ते २००३ या काळात आरोग्यदूतांनी जंतुसंसर्गाची ४९२ बाळं बरोबर ओळखली. ४४८ आईबापांनी घरीच उपचार घ्यायला होकार दिला, १३ जणांनी दवाखान्यात भरती केलं आणि ३१ जणांनी नाही म्हटलं. हेच ते लोक बरं, ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की यांना औषध नको, यांना भगत पाहिजे. ओळखीची बाई, घरातच, बाळ आईच्या कुशीतून न हलवता उपचार देते म्हटल्यावर ९१ टक्के लोक हो म्हणाले. आणि ज्या ३१ जणांनी नाही म्हटलं त्यांचं म्हणणंही नोंदलं गेलं, त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. होकार हा मागायचा असतो आणि नकारही मिळू शकतो हे धरून केलेलं काम आहे हे.

नवजात मृत्यूदर तिथे हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी मांडलं तर ६२ टक्के घट. डिसेंबर १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

पुढचं थोडक्यात. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा किती जास्त आहेत ते मांडलं आणि विधानसभेपर्यंत खळबळ झाली. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ही पद्धत आपापल्या भागात करून बघितली. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हेटला घरभेटींचे वेगळे प्रयोग झाले, दोन्हींचे निकाल २००८ मध्ये आले आणि दोन्हीकडे मृत्यू कमी झाले. शिवगढमध्ये तर औषधापेक्षा घरातल्या सवयींवरच भर होता, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, लगेच अंगावर पाजणं, आणि त्यासाठी फक्त आईशी न बोलता सासू, सासरे, शेजारी सगळ्यांशी बोलणं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली. आणि २०११ मध्ये भारत सरकारने हे काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की मानधन २५० रुपये. एवढ्या कामाला २५० रुपये! हा आकडा लिहिताना मला लाज वाटते.

आज चित्र बरंच बदललंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, २०२० मध्ये राज्याचा नवजात मृत्यूदर हजारी ११. त्यामुळे घरातला प्रश्नही बदलला. न्यायचं का यापेक्षा कुठे न्यायचं, सरकारीत नेलं तर बघतील का, खासगीत काचेत ठेवलं तर रोजचं बिल कोण भरणार, हे आता रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या बाहेर बाप आणि मामा मिळून ठरवत असतात. बाळाच्या आईला बहुतेक वेळा आजही शेवटी सांगितलं जातं.

पण एक धागा तसाच लोंबकळतोय. गडचिरोलीच्या प्रयोगात पिशवीत जेंटामायसिन होतं, देशभरात आशाताईंना जी जबाबदारी दिली त्यात मुख्य भर आजारी बाळ ओळखून पुढे पाठवण्यावर आहे. २०१४ मध्ये केंद्राने एएनएम सिस्टरांना, म्हणजे उपकेंद्रातल्या सरकारी नर्सना, ते इंजेक्शन द्यायची परवानगी दिली, जिथे घरचे दवाखान्यात न्यायला तयार नाहीत किंवा नेणं शक्यच नाही अशा बाळांसाठी. एएनएमचं उपकेंद्र मात्र गावोगाव नसतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते, आपण पुलावरून पाणी वाहतानाचा व्हिडिओ बघतो आणि पुढे सरकतो. पलीकडच्या एखाद्या घरात सातव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आलेली असते, काट्यावर वजन कमी भरलेलं असतं, बाळ दूध ओढत नसतं, आणि ती आजीला सांगत असते की याला आत्ताच न्यायला पाहिजे.