तार सरकलीये, स्कोप बिघडलेला नाही

परवा भाचा आला होता. मोबाईलवरच्या गेममध्ये त्याची लाडकी कार-९८ रायफल, तिला चारपटीचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, लावून तासन् तास बसतो. त्यानेच एक व्हिडिओ दाखवला, परदेशातला कुणी हौशी माणूस आपली जुनी मोसिन-नागाँ दाखवतोय, दुसऱ्या महायुद्धातली रशियन स्नायपर रायफल, वर साडेतीन पटीचा पीयू स्कोप. आत बघितलं तर नेमाची खूण मधोमध नाहीच, खाली एका बाजूला गेलेली. भाचा म्हणे, "मामा, गंडवलंय ह्याला, स्कोप खराब आहे."

खराब नाहीये रे. पण हे समजून घ्यायला आधी स्कोपमध्ये नक्की होतं काय ते बघायला लागेल, आणि सगळ्यांना वाटतं तसं मोठं दिसणं हा त्याचा खरा फायदा नाहीच. साध्या रायफलीवर मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. चाळिशी लागली की तर विचारूच नका.

शाळेत बहिर्गोल भिंगाने खिडकीचं उलटं चित्र कागदावर पाडलं होतं ना? स्कोपचं पुढचं भिंग तेच करतं, फक्त कागद नसतो, आणि जिथे कागद धरला असता बरोब्बर तिथे एक बारीक तार ताणलेली असते, तीच नेमाची खूण. म्हणजे डोळ्याच्या दृष्टीने तार आणि लांबचा डोंगर एकाच जागी! दोन्ही एकदम स्पष्ट. ही युक्ती विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रज खगोलप्रेमीला १६४० च्या आसपास सापडली, तीही त्याच्या दुर्बिणीत कोळ्याचा धागा आला म्हणून. पुढे १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला.

माझ्याकडे जुन्या बाजारात रविवारी घासाघीस करून घेतलेली सर्व्हेची डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, आहे, तिच्यातही हीच तार. तिपाई मिळाली नाही म्हणून सहकारनगरच्या गच्चीवर विटांवर टेकवून पर्वती बघतो, उलटी दिसते, कळस खाली (रायफलच्या स्कोपमध्ये चित्र सुलट करायला मध्ये आणखी भिंगं घालतात). पहिल्या दिवशी डोळा जरा हलवला की तार कळसावरून सरकायची. हा पॅरॅलॅक्स, म्हणजे तार आणि चित्र एका प्रतलात नव्हते. दोन्हीचा फोकस नीट जुळवल्यावर डोळा कितीही हलवा, तार जागची हलत नाही. मी त्या दिवशी अर्धा तास नुसती मान हलवत बसलो होतो.

आता जरा गणित, कंटाळलात तर पुढची चार वाक्यं सोडा. समजा पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर १०० मिमी. तार ०.१ मिमी सरकवली, म्हणजे जेमतेम एका केसाएवढी, तर कोन बदलला हजारात एक, आणि १०० मीटरवर नेम १० सेंमीने हलला. आता स्कोप धरणारे दोन कंस १०० मिमी अंतरावर आहेत आणि त्यातला एक ०.१ मिमी वर बसलाय असं धरा. परत तोच त्रिकोण, परत १० सेंमी! म्हणजे बसवण्यातली चूक तार सरकवून भरून काढता येते, आणि जुन्या स्कोपमध्ये तेच करत. तारच हलते, डोळ्याकडचं भिंग जागेवर, म्हणून ती कडेला गेलेली दिसते. नंतरच्या स्कोपमध्ये तार आणि सुलट करणारी भिंगं एका आतल्या नळीत घालून ती नळीच हलवायला लागले, तार कायम मधोमध. गेमवाल्यांनी हेच उचललंय.

ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) ह्या स्नायपर रायफलीचा स्कोप तर मुळात ब्रेन गन ह्या मशीनगनसाठी केलेला. तो एकेका रायफलीला हाताने जुळवून बसवत आणि त्याचा नंबर रायफलीच्या लाकडावर ठोकत. नंबर जुळणारी जोडी महाग का, तर हे त्रिकोण. नुसती हौस नाही. उलट आपल्याकडे 'ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं भांडं, तांदूळ ओढतं' म्हणून राइस पुलरवर लाखो घालवणारे आहेत, त्यात कसलाही त्रिकोण नाही, निव्वळ फसवणूक. कंपनीच्या काळातलं खरं काही हवंच असेल तर बंदुकीवर दुर्बीण बसवण्याच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक, डेव्हिड डेव्हिडसन, कंपनीच्या बॉम्बे आर्मीतला अधिकारी होता.

भारतात .३०३, म्हणजे ह्या ली-एनफिल्डच्या नळीचं माप, प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, त्यामुळे अशी चालू रायफल घरात ठेवायचा विचार सोडा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याने .३०३ ची काडतुसं केली, बुडावर 'के एफ' शिक्का, तो मात्र जगभरच्या संग्राहकांना माहितीये.

आणि जुनं भिंग कुठलंही घ्या, आधी बॅटरी मारून बघा. जोडभिंगं कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने चिकटवलेली असतात, ती पिवळी पडते, सुटते. आपल्या पावसाळ्यात वर बुरशी, आणि ती काच खाते, पुसून जात नाही. माझी लेव्हल जून ते ऑक्टोबर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात असते, बायको म्हणते पापडांना तरी एवढी काळजी घे.