एका मताचं गणित: साताऱ्यात आणि अमेरिकेत

ग्रामपंचायतीला एका मतानं गुलाल हुकला, की मतदानाला न आलेलं मुंबईतलं पोरगं वर्षभर बोलणी खातं. समसमान मतं पडली तर ईश्वरचिठ्ठी. पण सातारा लोकसभेला २०२४ मध्ये बारा लाखांच्या आसपास मतं पडली आणि निकाल ३२,७७१ च्या फरकानं लागला. तिथं एका मताला काय वजन? आणि साडेपंधरा कोटी मतं पडतात त्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत?

दोनच उमेदवार धरू. आपल्या मतानं निकाल फिरायचा, तर बाकीची मतं बरोब्बर निम्मी-निम्मी पडायला हवीत. प्रत्येक मतदार नाणं उडवतो असं मानलं, तर बारा लाखांत बरोबरीची शक्यता निघते सुमारे १,३७० मध्ये एक. फारच उदार! पण नाणं जरा कललं, ५१ टक्के एकीकडे झुकलं, की तीच शक्यता होते एकावर शंभराहून जास्त शून्यं इतक्यात एक. एका टक्क्यानं एवढी उलथापालथ होते, कारण कल नेमका किती हे आपण आधीच ठाऊक असल्यासारखं धरलं. तो कुणालाच ठाऊक नसतो, पारावरच्या जाणकारांनाही.

म्हणून एवढंच धरू, की एका उमेदवाराला ४५ ते ५५ टक्क्यांमध्ये कितीही मतं पडू शकतील. म्हणजे ५ लाख ४० हजार ते ६ लाख ६० हजार. या १ लाख २० हजार आकड्यांपैकी बरोबरीचा एकच. मतदार दुप्पट झाले की शक्यता निम्मी.

अमेरिकेत आणखी एक पेच आहे. तिथं बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, मिळतात. २००० मध्ये देशभरात अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. पण फ्लोरिडातल्या सुमारे साठ लाख मतांत ५३७ नी पुढे राहून बुश राष्ट्राध्यक्ष झाले. २००८ च्या निवडणुकीसाठी गेलमन, सिल्व्हर आणि एडलिन या अभ्यासकांनी एक मत निर्णायक ठरण्याची सरासरी शक्यता काढली: सहा कोटींत एक. न्यू मेक्सिको, व्हर्जिनियासारख्या राज्यांत कोटीत एक.

हा आकडा पाहून घरी बसणं शहाणपणाचं वाटेल. पण शक्यता घटते तशी पणाला लागलेली माणसंही वाढतात. समजा, बरा उमेदवार आल्यानं तिथल्या ३३ कोटी लोकांचा माणशी शंभर रुपये फायदा होतो. एकूण ३,३०० कोटी. त्याला सहा कोटींनी भागलं की एका मताची सरासरी किंमत ५५० रुपये. मतदाराच्या स्वतःच्या खिशात मात्र त्यातला पैसाही येत नाही. (आदल्या रात्री पाकिटं वाटणाऱ्यांचा हिशोब वेगळा.) फक्त स्वतःचा फायदा पाहणाऱ्याला मतदान परवडत नाही, सगळ्यांचा पाहणाऱ्याला परवडतं.

आपल्या राष्ट्रपतींना तर सातारकर थेट मत देतच नाही. खासदार आणि आमदार देतात, आणि १९७१ च्या लोकसंख्येवरून महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ ठरलंय. जिल्ह्याचे आठ आमदार म्हणजे १,४००. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांची आघाडी २,९६,६२६ होती. आठही मतं त्यांच्याकडून उचलून पलीकडे टाकली, तरी ती फार तर २,८०० नं घटली असती.