ऑनलाइन उच्च शिक्षण (भारत)

पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम इंटरनेटवरून शिकवण्याची पद्धत. भारतात तिची पायवाट दूरशिक्षणाने पाडून ठेवली होती. महाराष्ट्रात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) नोकरदार आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या अनेकांना घरी अभ्यास करून पदवी मिळवण्याची सोय केली. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘एनपीटेल’ हा प्राध्यापकांची व्याख्याने इंटरनेटवर देणारा उपक्रम २००३ साली सुरू झाला. केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच २०१७ मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरता येतात.

मोठा फायदा व्याख्यानाचा. आयआयटीतल्या प्राध्यापकाचा तास तालुक्याच्या गावातल्या मुलीला फुकट ऐकता येतो. न कळलेला भाग चारदा मागे नेता येतो, जे वर्गात सरांना सांगायची सोय नसते. मात्र ही व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी विषयाआधी भाषेशीच झगडतो, आणि शंका अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन चर्चामंचावर इंग्रजीत लिहायची म्हटल्यावर ती बहुधा मनातच राहते.

नोंदणीला पैसे पडत नाहीत, त्यामुळे नाव घालणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत टिकणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. एनपीटेलमध्ये प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षेला बसावे लागते. गुणांपैकी ७५ टक्के त्या परीक्षेचे, २५ टक्के आठवड्याच्या गृहपाठांचे. ही खबरदारी किती गरजेची, ते टाळेबंदीत कळले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातील अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांवर, घरबसल्या झाल्या. रेंज गेली की पेपर अडकायचा; रेंज असली तर शेजारी पुस्तक उघडे. त्या गुणपत्रिकांकडे पुढे संशयाने पाहिले गेले. दोष विद्यार्थ्यांपेक्षा घाईचा होता.

प्रात्यक्षिकाला अजून तोड सापडलेली नाही. अनुमापनात, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजताना, ब्युरेटची (खुणा असलेल्या उभ्या काचनळीची) तोटी किती सैल करायची, फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग टिकला की हात कुठे थांबवायचा, हे पडद्यावर दिसते, पण बोटांना येत नाही. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि वाचन वाया जाते. आयोगाच्या २०२० च्या नियमांत अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण अशा विषयांच्या पूर्ण ऑनलाइन पदव्यांना मनाई आहे.