खड्डा क्रमांक ७६

चंगीझ खानाचा नातू बातू खान याच्या रशियावरच्या स्वारीबद्दल रशियन बखरकाराने लिहिलं आहे की मंगोलांनी एकट्या फेब्रुवारी महिन्यात १४ शहरं घेतली. साल १२३८. त्या यादीत व्होल्गा आणि कोतोरोस्ल नद्यांच्या संगमावरचं यारोस्लाव्लही आहे. नुसतं नाव. तिथल्या माणसांचं काय झालं, हे कळायला जवळजवळ पावणेआठशे वर्षं जावी लागली.

शहराचं जुनं मुख्य चर्च सोव्हिएत राजवटीत, १९३७ मध्ये पाडलं गेलं होतं. ते पुन्हा बांधायचं ठरलं आणि पाया खणण्याआधी, २००५ पासून, पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन सुरू केलं. जळालेल्या घरांच्या तळघरांत, खड्ड्यांत सांगाडेच सांगाडे निघाले. अशा नऊ सामूहिक दफनांतून तीनशेहून जास्त माणसं मिळाली. त्यांत बायका होत्या, मुलं होती.

त्यांचे घाव कसे वाचतात? जिवंत माणसाचं हाड तुटलं तर काही दिवसांत त्याची धार बोथट होऊ लागते, नवं हाड धरू लागतं. इथल्या कितीतरी हाडांवरच्या चिरा आणि भोकं तशीच धारदार राहिली आहेत. घाव बसला आणि माणूस गेलाच. काही हाडं भाजलेलीही आहेत.

श्रीमंत वाड्याच्या आवारातल्या खड्डा क्रमांक ७६ मध्ये किमान १५ जण होते. त्यातल्या तिघांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. पंचावन्नच्या पुढची एक बाई, तिशी-चाळिशीतली दुसरी आणि विशीतला एक मुलगा. तिघांच्याही कण्यात एकच जन्मजात दोष होता, मणके मागच्या बाजूने पुरते न जुळलेले. तिघांचेही दात किडलेले. त्या काळी गोड म्हणजे मध, आणि तो रोज कुणाच्या ताटात पडणार? खात्यापित्या घरच्यांच्याच. पुढे डीएनए तपासणी झाली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मिळतो. आजीचा तो आईत, आईचा मुलात जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. तिघांचं नातं २०१९ मध्ये जाहीर झालं: आजी, लेक आणि नातू. एका घरातल्या तीन पिढ्या एकाच खड्ड्यात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं पान उलटवेना.

दुसरा साक्षीदार अगदीच क्षुल्लक वाटेल असा आहे. सांगाड्यांसोबत माश्यांच्या अळ्यांचे अवशेष मिळाले. मेलेल्या जनावरावर बसणाऱ्या या माश्या कडाक्याच्या थंडीत अंडी घालत नाहीत. त्यांना ऊब लागते. शहर पडलं फेब्रुवारीत, बर्फात. म्हणजे प्रेतं बर्फाखाली तशीच पडून राहिली, वसंतात बर्फ वितळलं, ती कुजू लागली, माश्या आल्या, आणि त्यानंतर कुणीतरी ती खड्ड्यात घातली. अळ्यांच्या वाढीवरून तो काळ मेअखेर ते जूनच्या सुरुवातीचा निघतो.

हे कुणीतरी कोण? मारणारे तर केव्हाच पुढे गेले होते. ४ मार्चला सित नदीकाठी त्यांची पुढची मोठी लढाई झाली. म्हणजे तीनेक महिन्यांनी इथे हात लावायला गावात माणसं होती. लपून वाचलेली असतील, परतून आलेली असतील. त्यांनी वेगवेगळ्या कबरी खणल्या नाहीत. होत्या त्या खड्ड्यांत माणसं ठेवली आणि माती लोटली.

वाचलेल्यांचा आणखी एक रस्ता पूर्वेकडे जात होता. मंगोल सैन्य शहर घेतलं की कारागीर वेगळे काढून सोबत नेई. विल्यम ऑफ रुब्रुक हा ख्रिस्ती साधू १२५३ च्या अखेरीस मंगोल सम्राट मोंगके खानाच्या छावणीत पोचला. तिथे त्याला हंगेरीतून पकडून आणलेली एक फ्रेंच बाई भेटली. तिचा तरुण नवरा रुस मुलखातला, म्हणजे तेव्हाच्या रशियन प्रदेशातला होता. त्यांना तीन गोजिरवाणी मुलं होती, आणि नवऱ्याला घरं बांधायची कला येत होती.