पासष्टीची रेघ

९ मार्च २०२० ला दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या एका दांपत्याला करोनाची लागण झाल्याचं निष्पन्न झालं आणि महाराष्ट्रातल्या साथीची पहिली नोंद झाली. पंधरवड्यात सगळा देश बंद झाला. मे महिन्यात टाळेबंदी सैल करताना केंद्र सरकारने सूचना काढली की ६५ वर्षांवरच्या व्यक्तींनी अत्यावश्यक गरज आणि आरोग्याचं कारण वगळता घरीच राहावं. त्यातलं ‘आरोग्याचं कारण वगळता’ हे बहुतेक घरांत कानाआड गेलं. ‘आजी-आजोबांना बाहेर नेऊ नका’ एवढंच लक्षात राहिलं.

कर्करोग तपासणीचं काम करणाऱ्यांना ६५ हा आकडा आधीपासून ओळखीचा होता. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या सरकारी तपासणीसाठी २०१६ साली जो राष्ट्रीय आराखडा ठरला, त्यात वयोगट ३० ते ६५ असा आहे आणि प्रत्येकाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असं म्हटलं आहे. म्हणजे एका कागदाने पासष्टीच्या पुढच्यांना तपासणीच्या यादीबाहेर ठेवलं होतं आणि दुसऱ्याने घराच्या आत. साथीने ज्येष्ठांच्या कॅन्सरचं काय केलं हे कळायला या दोन्ही कागदांच्या मागे जावं लागतं.

पहिल्या कागदामागचं बरंचसं संशोधन महाराष्ट्रातच झालं आहे. देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, सत्तरच्या दशकात पुणे शहराची नोंदणी तिला जोडली गेली आणि १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शीच्या रुग्णालयाला सोबत घेऊन टाटा मेमोरियलने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी संशोधन-चाचणी घेतली. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या, सगळ्या ३० ते ५९ वयाच्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो शोधणाऱ्या, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा २००९ चा निष्कर्ष जगभर वाचला गेला. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दुसऱ्या चाचणीत साधी प्रशिक्षित कार्यकर्ती व्हिनेगरसारख्या सौम्य ॲसिटिक ॲसिडने गर्भाशयमुख पुसून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग दिसतो का ते पाहत होती. त्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या चाचणीतल्या स्त्रिया ३५ ते ६४ वयाच्या होत्या.

व्हिनेगरच्या तपासणीला वयाची मर्यादा असण्याला शरीरशास्त्रीय कारण आहे. पाळी गेल्यावर, साधारण पन्नाशीनंतर, गर्भाशयमुखाचा जो पट्टा पाहायचा तो आत, नळीत सरकतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि ‘नॉर्मल’ असा शेरा पडतो. अशा बाईची एचपीव्ही चाचणी करायला हवी, आणि सरकारी केंद्रांवर नेमकी तीच नव्हती. त्यामुळे साठीच्या बाईची तपासणी कागदावर झाली तरी तिचा उपयोग अर्धामुर्धाच होता. स्तनांचं मात्र उलट आहे. वय वाढतं तशी स्तनातली ग्रंथींची घनता कमी होते, गाठ हाताला लवकर लागते. मुंबईच्या त्याच चाचणीचे स्तनांविषयीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये, साथ जोरात असतानाच, प्रसिद्ध झाले. दीड लाखाहून अधिक स्त्रियांची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली होती. सर्व वयांत मिळून मृत्यूंमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट नव्हती. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मात्र ती जवळपास ३० टक्के होती. जिचा हाताच्या तपासणीने सर्वांत जास्त फायदा होतो, तीच त्या दिवसांत दाराबाहेर पडत नव्हती.

हे सगळं संशोधन हाताशी असूनही प्रत्यक्षात तपासणी फारशी होत नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, स्तनांची ०.९ टक्के. त्यापुढच्या वयाच्या बाईला हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

म्हणून साथीने ‘ज्येष्ठांची तपासणी बंद पाडली’ असं म्हणणं आम्हाला अपुरं वाटतं. यादीतली तपासणी मुळात त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यांचा कॅन्सर सापडायचा तो एका अनौपचारिक साखळीतून. आंघोळ घालताना सुनेच्या हाताला गाठ लागायची. कवळी टोचते म्हणून दंतवैद्याकडे गेल्यावर जिभेच्या कडेची जखम दिसायची. बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलं की फॅमिली डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून ‘रक्त कमी दिसतंय’ म्हणायचे आणि त्यातून आतड्याचा आजार उघडकीला यायचा. मुलीकडे चार दिवस राहायला आलेली आई ‘पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, आता परत अंगावरून जातंय’ हे सहज बोलून जायची. मार्च २०२० मध्ये ही साखळी एका आठवड्यात तुटली. तिची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे ती तुटल्याचीही नोंद झाली नाही.

तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या, कारण आपल्या भागात तो मोठा प्रश्न आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी लावणाऱ्या साठी-सत्तरीच्या बायका खेड्यात आणि पुण्याच्या वस्त्यांतही भरपूर आहेत. तोंड तपासायला पाच मिनिटं, टॉर्च, आरसा आणि जीभ दाबायच्या दोन पट्ट्या लागतात. आधी कवळी काढायला लावायची. ती न काढता तपासणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. मग ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्यांलगतची खाच (मशेरी तिथेच साठते), जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू. रुग्णाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात का तेही पाहायचं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की तुकडा काढून (बायोप्सी) तपासायला पाठवायचा. साथीत हे थांबलं. तोंड उघडणं हीच संसर्गाची वाट ठरली होती. दंतवैद्यांना तातडीच्या रुग्णांखेरीज काम बंद ठेवायला सांगितलं होतं आणि मास्क तर सगळ्यांच्याच तोंडावर होता. महिनोन्महिने कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही. फोनवरच्या सल्ल्याला २५ मार्च २०२० च्या नियमांनी मान्यता दिली हे फार बरं झालं, पण फोनवर विचारलं जायचं ते ताप, खोकला, वास. गाठ फोनवरून हाताला लागत नाही.

भीतीही होती. १४ मार्चच्या सुमारास राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. घराघरांत शिरून रोगी शोधायचे आणि लोक ते लपवायचे, ही पुण्याची जुनी आठवण आहे. या वेळीही खोकला लपवला गेला. ज्या खोकल्याबरोबर वजन उतरत होतं आणि थुंकीत रक्त दिसत होतं, तोही.

देशभराचं चित्र पुढे एका अभ्यासाने स्पष्ट केलं. कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली, म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी, बाह्यरुग्ण केमोथेरपी ३७ टक्क्यांनी, रेडिएशन २३ टक्क्यांनी घटलं. सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत तपासणी पूर्ण बंद होती किंवा नेहमीच्या पाव हिश्शाहूनही कमी चालली होती. घट मोठ्या शहरांत जास्त होती. यातले उपचाराचे आकडे आधीपासून फाईल असलेल्यांचेही आहेत; त्यांना निदान कुणीतरी फोन करून बोलावत होतं. नोंदणीतली घट म्हणजे ज्यांना आपल्याला कॅन्सर आहे हेच कळलं नाही ते लोक.

पुण्याच्या दवाखान्यांत सातारा, सोलापूर, नगर, बीडकडून रुग्ण येतात. जिल्हा ओलांडायला २ सप्टेंबरपर्यंत ई-पास लागत होता. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक २० ऑगस्टला सुरू झाली, शहरातली पीएमपी सप्टेंबरमध्ये. तरुण रुग्ण दुचाकीवरून आला असता. बहात्तरीच्या माणसाला गाडी आणि सोबत लागते, आणि वॉर्डात सोबत एकालाच सोडत होते. पेठा सील असताना शहरातल्या शहरातही हीच अडचण. महात्मा फुले जनआरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सर्वांना खुली झाली हा त्या वर्षातला खरा दिलासा. पण योजनेत मंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट लागतो, आणि तुकडाच काढला नसेल तर मंजुरी अडते.

उपचारांत जे बदल झाले त्यांतले काही चांगले होते आणि ते टिकले. स्तनांच्या रेडिएशनचे २५ दिवस आधीच १५ वर आले होते. एप्रिल २०२० मध्ये २६ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस पाच दिवसांत देण्याची पद्धत तितकीच परिणामकारक असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या बाईला पंधरा फेऱ्यांऐवजी पाच, हा फरक साथ नसतानाही मोठा आहे. हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असेल तर लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू करून शस्त्रक्रिया काही महिने सुरक्षितपणे पुढे नेता आली. गुदाशयाच्या कर्करोगात पाच आठवड्यांऐवजी पाच दिवसांचं रेडिएशन दिलं गेलं. शिरेतल्या केमोऐवजी शक्य तिथे गोळ्या दिल्या.

शस्त्रक्रियांबाबत मात्र ज्येष्ठ मागे राहिले. टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत एकही मृत्यू झाला नाही. काळजी घेतली तर थांबायची गरज नाही, हे त्यातून सिद्ध झालं. पण या ४९४ जणांत साठीच्या पुढचे फक्त ६४ होते. शस्त्रक्रियेच्या आसपास करोना झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं असल्याचे परदेशी आकडे तेव्हा नुकतेच येत होते, त्यामुळे वयस्कांना मागे ठेवण्याचा विचार समजण्यासारखा होता. पुढे संसर्गानंतर सात आठवडे थांबावं असा संकेत रूढ झाला. तो बरोबरच होता. गफलत झाली ती नवी तारीख न देता ‘नंतर बघू’ म्हटलं गेलं तिथे. शस्त्रक्रियेला दर चार आठवड्यांचा उशीर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढवतो, हे नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं गणित आहे.

केमो चालू असलेल्यांच्या बाबतीत सर्वांत घातक गोंधळ तापाचा झाला. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना १०१ फॅरनहाइट ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. साथीत ताप म्हटलं की आधी फिव्हर ओपीडी, मग स्वॅब, मग रिपोर्टची वाट. म्हाताऱ्या माणसाला तर पुष्कळदा इतका ताप येतच नाही. तो नुसता सुस्त होतो, बरळतो. रक्तपेढ्यांचीही ओढाताण झाली. कॉलेजं, कंपन्या बंद होत्या, मंडळांची शिबिरं थांबली होती आणि प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत.

वेदनाशमनाबद्दल फार कमी बोललं गेलं. टेलिमेडिसिनच्या नियमांत मॉर्फिनसारखी औषधं फोनवर लिहून द्यायला मनाई आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी घरातल्या कुणाला तरी केंद्रावर जावंच लागत होतं. वारज्याला १९९७ पासून विनामूल्य उपशामक सेवा (वेदना आणि त्रास कमी करणारी) देणारं केंद्र आहे, त्यामुळे पुणेकरांना ही सोय निदान माहीत होती. जिल्ह्याच्या इतर भागांत तेवढंही नव्हतं.

२०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा खाटा आणि ऑक्सिजन दोन्ही कमी पडले. लाट ओसरता ओसरता म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. वरचा जबडा दुखणं, दात हलणं, गालावर सूज ही त्याची लक्षणं जबड्याच्या कर्करोगाशी जुळतात, आणि दोन्हीचे सर्जनही तेच. पुन्हा कॅन्सरच्या तारखा सरकल्या. लसीकरण १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि ४५ च्या पुढच्या कर्करोग रुग्णांना खुलं झालं. लसीच्या हाताकडच्या काखेत गाठी सुजतात, म्हणून मॅमोग्राफी दुसऱ्या डोसनंतर चार ते सहा आठवड्यांनी करावी असा सल्ला तेव्हा निघाला. काही ठिकाणी तो ‘मॅमोग्राफी सध्या नको’ असा ऐकला गेला. छातीच्या सीटी स्कॅनचा मात्र एक अनपेक्षित फायदा झाला. करोनासाठी काढलेल्या फिल्मवर कुणाकुणाची फुफ्फुसातली लहान गाठ वेळेत दिसली.

त्यानंतरच्या वर्षांत कागद पुन्हा बदलले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं उपचारकवच मिळालं. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीस वर्षांवरच्यांसाठी देशभर तपासणी मोहीमही झाली. उपचार सत्तरीनंतर खुले आणि आराखड्यातली नियमित तपासणी पासष्टीला थांबते, हा विसंवाद कायम आहे.

तो ओलांडायची एक वाट आशाताईंच्या हातात आधीच आहे. त्या घरोघरी जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्याचा पहिला भाग आजाराच्या धोक्याला गुण देण्याचा: चारपेक्षा जास्त गुण आले की प्राधान्याने तपासणी. दुसऱ्या भागात लक्षणं विचारली आहेत. तोंडात चट्टा किंवा न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, आवाजात बदल, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर रक्तस्राव. या भागाला वरची वयोमर्यादा नाही, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर गुण न मोजता डॉक्टरकडे पाठवायचं असतं. घाईत पहिला भाग भरून दुसऱ्यावर ‘नाही, नाही’ अशा खुणा होतात, कारण आजी आत झोपलेली असते आणि उत्तरं सून देते. दुसरा भाग आजीला समोर बसवून, कवळी काढायला सांगून विचारावा, आणि पाठवायचं ठरलं तर कोणत्या वारी, कुणाबरोबर जाणार ते फॉर्मच्या कडेला तिथेच लिहून घ्यावं.