दुचाकीची बॅटरी : चार्जिंग आणि निगा

मोटारसायकल व स्कूटरमध्ये सेल्फ स्टार्टर, दिवे, हॉर्न आणि इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यांना वीज पुरवणारी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणे, तपासणे व सांभाळणे यांसंबंधीची ही नोंद आहे. पूर्वी बॅटरी उतरली तर फार बिघडत नसे. जुन्या राजदूत, येझदी यांसारख्या गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे आणि किक मारली की गाडी चालू होई. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत कायम चालू राहू लागला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि कार्ब्युरेटरच्या जागी बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसले. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक (ईसीयू) यांना वीज लागते, आणि अनेक मॉडेलांची किकही गेली. अशा गाडीची बॅटरी पूर्ण बसली तर ढकलूनही ती सुरू होत नाही, कारण पंपच फिरत नाही.

बीएस-६ आले त्याच आठवड्यांत मुंबईत कोरोनाची टाळेबंदी होती. इमारतींच्या स्टिल्टखाली, म्हणजे तळाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांचा सेल्फ पुढे लागेना, तेव्हा अनेकांनी आपल्या गाडीची बॅटरी नेमकी कुठे असते ते पहिल्यांदा पाहिले.

रचना

दुचाकींत आजही मुख्यतः लेड-ॲसिड बॅटरीच वापरतात. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीचेच तत्त्व तिच्यात आहे. शिशाच्या व शिसे-डायऑक्साइडच्या प्लेटा सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये असतात. एका सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) सुमारे २.१ व्होल्ट असतो आणि असे सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या बॅटरीला सहा बुचे, पारदर्शक बाजू आणि गॅस बाहेर सोडणारी रबरी नळी असते, आणि तिच्यात पाणी टाकावे लागते. ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. तिची झाकणे उघडायची नसतात. मेंटेनन्स फ्री याचा अर्थ पाणी टाकावे लागत नाही एवढाच घ्यावा, चार्जिंग तिलाही लागते.

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत साधारणपणे ३ ते ५ ॲम्पिअर-तासांची (एएच, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) बॅटरी असते, १५० सीसीच्या पुढे ८-९ ची. दुकानात ‘पाच एएच’, ‘नऊ एएच’ असेच मागतात.

मुंबईत बॅटरी का बसते

बॅटरीला उष्णता मानवत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की तिचा आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि मुंबईत थंडी नावापुरती असल्याने हा वेग वर्षभर टिकून राहतो. तरीही येथील बॅटऱ्या लवकर जाण्याचे मोठे कारण हवामानापेक्षा येथल्या वापरात आहे. ठाणे, डोंबिवली, बोरिवली किंवा मुलुंडला राहणारा माणूस सकाळी घरून स्टेशनपर्यंत गाडी नेतो, पे अँड पार्कमध्ये लावतो, लोकल पकडतो आणि संध्याकाळी तेवढेच अंतर परत येतो. एका वेळी दोन किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिग्नल आणि रिक्षांच्या गर्दीतून.

हिशेब मांडला तर एका सेल्फचा खर्च फार नसतो. ५० ॲम्पिअरने तीन सेकंद सेल्फ मारला तर जेमतेम ०.०४ ॲम्पिअर-तास जातो. बॅटरीकडे १ ॲम्पिअर जरी सलग परत गेला तरी तो तीन-चार मिनिटांत भरून निघेल. अडचण अशी की गाडी आयडलिंगवर, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू, असताना वीज तयार करणाऱ्या स्टेटर कॉइलची वीज हेडलाइट, ब्रेक लाइट आणि पंप यांतच खर्च होते. बॅटरीच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. त्यातून सकाळी पावसात दोन-तीनदा सेल्फ मारावा लागला, किंवा हँडलला लावलेला मोबाइल दिवसभर चार्ज होत राहिला, तर जमेपेक्षा खर्च वाढतो. खाण्याच्या ऑर्डर पोहोचवणाऱ्या मुलांच्या गाड्यांचे हेच होते. त्या दिवसभर धावतात, पण दर काही मिनिटांनी बंद-चालू होतात आणि फोनचा पडदा एक क्षण विझत नाही.

अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट साचते. ते ताजे असताना चार्जिंगने परत विरघळते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी ‘अचानक गेली’ असे मालक सांगतो, पण बहुधा ती काही महिने हळूहळू जात असते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवणे किंवा महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरला लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. रोज सकाळी जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय मात्र निरुपयोगी आहे. त्यात पेट्रोल जळते आणि बॅटरीला काहीच मिळत नाही.

तपासणी

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, व्होल्ट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. गाडी नुकतीच चालवलेली असेल तर मीटरला फसवणारा वरवरचा दाब दिसतो, म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चावी न फिरवता तपासावी. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. मेंटेनन्स फ्री बॅटरीचा आकडा थोडा वर, १२.८ ते १३ पर्यंत असतो. नुसता दाब चांगला दिसून भागत नाही. सेल्फ दाबताना आकडा १० च्या बराच खाली कोसळत असेल आणि सेल्फला वीज जोडणाऱ्या रिलेचा नुसता टकटक आवाज येत असेल, तर बॅटरी आतून संपलेली आहे किंवा वायर जोडायचे टर्मिनल ढिले आहे. आधी टर्मिनल पाहावे, ते काम फुकटातले आहे.

इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर टर्मिनलांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आकडा १३ च्या खालीच राहिला तर कॉइल किंवा वायरिंगमध्ये दोष असतो. १५ च्या वर गेला तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर गेलेला असतो आणि तो बॅटरीला उकळवतो. ही चाचणी न करता नवी बॅटरी टाकली की तीही काही महिन्यांत जाते, आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

चार्जिंग

जुना ठोकताळा असा, की बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने चार्ज करावे. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा ॲम्पिअर. ती निम्मी उतरली असेल तर पाच तास, आणि वाया जाणारी वीज धरून सहाएक तास. मोटारीचा ५-६ ॲम्पिअरचा चार्जर एवढ्याशा बॅटरीला लावला तर ती तापते, फुगते आणि तिचे पाणी उडून जाते. मेंटेनन्स फ्री बॅटरीत उडालेले पाणी परत भरता येत नाही, म्हणून तिचे नुकसान कायमचे असते. भरत आल्यावर प्रवाह आपोआप कमी करणारा स्वयंचलित चार्जर घरासाठी योग्य.

बॅटरीच्या दुकानांत अजूनही भिंतीला लागून लाकडी फळीवर बॅटऱ्यांची रांग दिसते. वरच्या, प्रवाह मोजणाऱ्या ॲमीटरच्या पेटीतून एकच प्रवाह सगळ्यांतून एकापाठोपाठ फिरवलेला असतो. स्वस्त आणि टिकाऊ पद्धत आहे, पण त्या रांगेत ९ एएचच्या शेजारी ३ एएचची बॅटरी बसली की मोठीला पुरेसा असलेला प्रवाह लहानीला जड जातो. दुकानात चार्जिंगला देताना प्रवाह किती ठेवणार हे विचारायला हरकत नाही.

बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. गाडीची चौकट मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडायला गेले आणि दहा नंबरचा पाना चौकटीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. लहान बॅटऱ्यांच्या टर्मिनलात एक सुटा चौकोनी नट असतो. स्क्रू काढला की तो घसरून स्टिल्टच्या जाळीत किंवा गाडीच्या पोटात जातो आणि पुढचा अर्धा तास त्याच्या शोधात जातो. नटाखाली रबरी नळीचा छोटा तुकडा किंवा स्पंज कोंबला की तो जागेवर राहतो आणि स्क्रूला मिळतो.

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली पार्किंगपर्यंत एक्स्टेन्शन लोंबकळवण्यापेक्षा दीड-दोन किलोची बॅटरी वर आणणे बरे. प्रश्न उरतो तो ठेवायची कुठे. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, सुमारे १४.४ व्होल्टच्या पुढे, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने तो पेटतो. एवढ्या लहान बॅटरीतून अख्खी खोली पेटेल इतका वायू निघत नाही. धोका असतो तो बुचांच्या तोंडाशी आणि सेलच्या आत साचलेल्या वायूचा. तिथे ठिणगी पोहोचली तर बॅटरीचे कवच फुटते आणि ॲसिड तोंडावर उडते. एका खोलीच्या घरात देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि बॅटरी ठेवायला सोयीचा वाटणारा ओटा हे सगळे दोन हातांच्या अंतरात असते. म्हणून बॅटरी गॅलरीत, सावलीत, मुलांच्या हाताला येणार नाही अशा जागी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवावी. स्टीलच्या ताटात किंवा बंद कपाटात नको. पावसाची झड येत असेल तर गॅलरीही नको, कारण चार्जर २३० व्होल्टवर चालतो. अशा वेळी उघड्या खिडकीजवळची जागा निवडावी.

क्लिपा आधी बॅटरीला लावायच्या, मग भिंतीवरचे बटण चालू करायचे. काढताना उलट, बटण आधी बंद. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीपासून दूर, भिंतीवरच्या बटणात पडते. बुचांची बॅटरी असेल तर रबरी नळी मोकळी आहे ना, पिरगळलेली नाही ना, ते पाहून घ्यावे. बॅटरी हाताला गरम लागली तर चार्जिंग थांबवावे. फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी बॅटरी चार्जरला लावूच नये.

ॲसिड डोळ्यात गेले तर नळाखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुऊन थेट डॉक्टरांकडे जावे. फरशीवर सांडले तर खाण्याचा सोडा टाकावा, फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवावे. सुती कपड्यावर उडालेला थेंब त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या धुण्यात तिथे भोक पडते.

पाणी आणि टर्मिनल

बुचांच्या बॅटरीत पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावी. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाहिली तरी पुरते. कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचे, ॲसिड नव्हे, कारण उडून गेलेले असते ते पाणी. मुंबई शहरात लोडशेडिंग फारसे नसल्याने घरोघरी इन्व्हर्टर नाहीत आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटलीही नसते. मग कोणी नळाचे पाणी टाकतो, कोणी आरओचे, आणि एसीच्या नळीखाली बादली लावून साठवलेले पाणी तर ‘शुद्धच असते’ म्हणून आवर्जून वापरले जाते. ते वाफेचेच पाणी असले तरी तांबे-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आणि धुळीतून ओघळलेले असते. धातूचे अंश आत गेले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो. बाटली स्वस्त असते, ती घ्यावी.

समुद्रकाठच्या वस्त्यांत खारी हवा टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी आणते. सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने ती निघते, मात्र सोडा बुचांतून आत जाता कामा नये. कोरडे करून, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गाडी पाण्यात बुडाली तर चावी फिरवण्याआधी मायनसची वायर सोडावी. गाडी वाळवून, कनेक्टर साफ करूनच ती परत जोडावी.

लिथियम बॅटऱ्या

महागड्या मोटारसायकलींचे हौशी मालक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या हलक्या बॅटऱ्या बसवतात. त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. लेड-ॲसिड चार्जरमधला सल्फेशन काढण्याचा वाढीव दाबाचा टप्पा त्यांना घातक ठरतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीला यातले काहीच लागू नाही. ती कंपनीच्या चार्जरवरच चार्ज करावी.

जुनी बॅटरी

शिसे विषारी आहे आणि वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणूनच जुन्या बॅटरीला मोल असते. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत येण्याची सोय केली. त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. नवी घेताना जुनी दिली की बिलातून काही रक्कम कमी होते. भंगारवाला कधी दुकानदारापेक्षा थोडे जास्त देतो, पण तिथे ॲसिड बहुधा गटारात ओतले जाते आणि शिसे उघड्यावर वितळवले जाते. घरी ठेवायचीच असेल तर जुनी बॅटरी उभी ठेवावी, आडवी नाही, आणि दोन्ही टर्मिनलांवर चिकटपट्टी लावावी.